खुलासा : ‘डूम’चे ३५ फ्रेम आणि ग्राफिक्स कार्ड
१९९३ चा ‘डूम’ हा संगणकीय खेळ सेकंदाला ३५ फ्रेमच्या (पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या) वर जात नसेल तर ग्राफिक्स कार्ड निकामी समजावे, असे कोल्हापुरातील जुन्या खेळांच्या शौकिनांत सध्या सांगितले जात आहे. हे खरे नाही, आणि एवढ्यावरून कुणी चांगले कार्ड भंगारात घालू नये, अशी कळकळीची विनंती आहे. डॉस या जुन्या संगणक प्रणालीवरील मूळ आवृत्तीचे घड्याळच सेकंदाला ३५ टिकांवर (ठोक्यांवर), म्हणजे व्हीजीए या जुन्या प्रकारच्या पडद्याच्या ७० हर्ट्झच्या (सेकंदाला ७० वेळा चित्र ताजे होण्याच्या) निम्म्यावर चालते. त्यामुळे यंत्र कितीही वेगवान असले तरी नेहमीच्या खेळात ही मर्यादा ओलांडली जात नाही. खरा वेग मोजण्यासाठी ‘टाइमडेमो’ (नोंदवलेला खेळ शक्य तितक्या वेगाने दाखवणारी चाचणी) चालवून शेवटी दिसणारे गेमटिक्स (खेळातल्या टिका) ३५ ने गुणावेत आणि रिअलटिक्सने (प्रत्यक्ष लागलेल्या वेळेच्या टिकांनी) भागावेत (रिअलटिक्स जितके कमी, तितके यंत्र वेगवान). २१३४ गेमटिक्सना १०६७ रिअलटिक्स लागले, तर उत्तर ७० फ्रेम येते.