मावशी, साखरेला दूध घालणं आजच बंद कर

‘पर्शियन मांजर : इराणच्या राजवाड्यातली शाकाहारी मांजर’ असा एक फॉरवर्ड सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो गोरेगावला माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने तिच्या पर्शियन मांजराचं, साखरेचं, मासे-चिकन, तयार खाणं सगळं बंद केलं. पाच आठवडे ते मांजर दूधभातावर आहे. मला कळलं परवा, साखरेच्या शेपटीखाली केसांना वाळलेली शी चिकटलेली दिसली तेव्हा. ‘पावसाळ्यात पोट बिघडतंच गं,’ मावशी म्हणाली. पावसाने नाही, दुधाने बिघडलं. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातलं लॅक्टोज पचत नाही.

पण जुलाब ही त्यातली लहान गोष्ट. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं. ते मांस-मासळीत असतं, भात-डाळीत नसतं, आणि मांजराच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पियन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवलं : हृदय फुगलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि ते दिल्यावर हृदय सुधारलं. त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. तेच खाणं मावशीने फॉरवर्ड वाचून टाकून दिलं! घरात मांसमच्छी चालत नसेल तर तो तुमचा प्रश्न आहे, पण मग मांजर आणू नका. आणि नुसते उकडलेले मासे घालणाऱ्यांनीही ऐकावं : टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी फेकू नका, आणि तरी एकट्या माशांवर भागत नाही.

राजवाड्याचं म्हणाल तर सतराव्या शतकात पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने इराणमधल्या खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांबद्दल लिहिलं होतं, एवढं मान्य. पण आजची ही जात मुख्यतः इंग्लंडमध्ये घडली, आणि २००८ साली झालेल्या जनुकीय तपासणीत ती पश्चिम युरोपातल्या मांजरांजवळची निघाली. राजवाड्यात असती तरी तिला मांस लागलंच असतं.

त्याच फॉरवर्डमधलं ‘उन्हाळ्यात भादरून टाका’ हेही अर्धंच खरं. जटा कातडीला ओढत असतील तर डॉक्टर भादरतात. साखरेच्या काखेत सुपारीएवढी गाठ होती, खाली कातडी लालबुंद. पण रोज दहा मिनिटं स्टीलचा कंगवा फिरवला असता तर गाठ झालीच नसती.

‘नाक जितकं चपटं तितकी जात शुद्ध, घोरणं म्हणजे लाड’ हे वाचून तर माझा संताप झाला. ते घोरणं म्हणजे श्वासाला अडथळा आहे. डोळ्यांतून सतत पाणी गळतं तेही त्या चपट्या चेहऱ्यामुळेच, म्हणून रोज ओल्या कापसाने पुसावं लागतं. विकत घेताना नाक बघण्यापेक्षा आईबापांची पीकेडीची जनुकीय तपासणी झाली आहे का ते विचारा. या जातीत किडनीत गाठी होण्याचा हा आजार आईबापांपैकी एकाकडूनही येतो.

साखरेचं शनिवारी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आहे. तिचं जुनं खाणं मी काल आणून दिलंय, मावशी. एकदम बदलू नकोस, थोडं थोडं वाढव. दुधाची वाटी मात्र आजच उचल.