साडीतला पुरुष आणि आपलं हसू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. साडी नेसून हसवणाऱ्या पुरुषांच्या स्किट्स आणि रील्सवर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बालगंधर्वांपासून आपल्याकडे पुरुष साडी नेसतायत, तेव्हा कुणी त्यात 'जेंडर' काढलं नाही, मग आजच्या स्किट्स आणि रील्समध्येच ते का? वर लाइक्स मोजून कसलं आलंय समाजशास्त्र!

बालगंधर्वांचंच घेऊ. १९११च्या 'मानापमान' नाटकातली भामिनी, १९१६च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी. त्यांचं नेसणं, त्यांचे दागिने घरंदाज बायका उचलत होत्या. त्या साडीला कुणी हसत नव्हतं. आणि पुरुषाला ती नेसावी लागली कशामुळे? कुलीन बाईनं रंगमंचावर उभं राहणं म्हणजे घराण्याला बट्टा. दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात तारामती करायला बाई मिळेना, ती अण्णा साळुंक्यांनी केली. 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. 'जेंडर' काढायला कुणाला जावं लागत नव्हतं, सगळा कारभारच त्यावर चालला होता.

आता टीव्हीवरचं स्किट बघा. दाढीची निळसर छटा तशीच, पदर मुद्दाम ढळलेला, आवाज घोगरा. पात्र तोंड उघडायच्या आत हशा. इथे बाई दिसायलाच नको असते. साडीआडचा पुरुष दिसला तरच विनोद होतो. खाली शेरे : 'लय भारी भावा'. तेच एखादा मुलगा नीट नऊवारी नेसून, नथ घालून मन लावून लावणी करतो, तर त्याच्या आईबापांपर्यंत शिव्या जातात. टवाळी केली तर शाबासकी, मनापासून केलं तर शिव्या. हे काही इन्स्टाग्रामनं आणलेलं नाही. गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत तमाशातला बायकी हावभावांचा नाच्या रंगवला आणि पडद्याबाहेरही चेष्टा झेलली.

(साडीतला पुरुष दिसला की लगेच 'बंडखोरी' लिहून मोकळे होणारे अभ्यासकही मला पटत नाहीत. त्यांनी ही स्किट्स जरूर बघावीत.)

लाइक्सबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. एक तर कुणाला काय दाखवायचं ते अल्गोरिदम ठरवतो. शिवाय २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. या गर्दीतल्या टाळ्यांना 'लोकमत' म्हणायला मी धजत नाही. म्हणून लाइक्स सोडून शेरे वाचतो, आणि तेही स्किट आणि लावणी अशा दोन्ही व्हिडिओंखालचे शेजारी शेजारी ठेवून.