रोज पाच मिनिटं पाइप? आपल्या मातीत नको

झाडांना पाणी देण्यावरच्या एका लेखात 'रोज संध्याकाळी पाच मिनिटं पाइपने पाणी द्या' असं म्हटलंय. त्याने वरची दोन-तीन इंच मातीच ओली होते, मुळं तिथेच घोटाळतात आणि एप्रिलच्या उन्हात झाड माना टाकतं.

लिंबू-पेरूसारख्या झाडाला फांद्यांच्या घेराखाली मीटरभर रुंद आळं करा. खोडाशी मातीची भर ठेवा. तिथे पाणी साचलं की बुंधा कुजतो. ठिबकचे (ड्रीपचे) ताशी 4 लिटर पाणी सोडणारे दोन ड्रीपर चार तास चालवले की 32 लिटर होतात, साधारण फूटभर ओल जाते. ड्रीप नसेल तर बादलीला खिळ्याने बारीक भोक पाडून ती आळ्यात ठेवा, रिकामी झाली की जागा बदलून परत भरा. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई खुपसून बघा: ओल्यात सहज जाते, कोरडं लागलं की अडते.

सांगलीकडच्या काळ्या मातीत मात्र घाई नको. भेगा पडल्या असतील तर पाणी त्यांतून थेट खाली पळतं, म्हणून आधी थोडं शिंपडून तासभर थांबा. पुढचं पाणी आठ-दहा दिवसांनी, चार इंचांखालची माती हातात घेऊन लाडू वळतोय का बघून. वळला तर थांबा. (नदीकाठची क्षार साचून नापीक झालेली, म्हणजे क्षारपड, रानं जास्त पाण्यानेच झालीत ना!) साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत हेच पाणी निम्मं करून तीन-चार दिवसांनी द्यावं लागतं.

आळ्यावर उसाचं पाचट (वाळलेला पाला) चार बोटं जाड पसरा. कुंड्यांना यातलं काही लागू नाही.