पाहुणे घरात आणि फरशीचं काम

आमच्या फिश टँकच्या तळाशी चार वर्षं निळे खडे होते. निळे म्हणजे कपड्यांच्या निळीत बुचकळून काढल्यासारखे. डोळ्यांना त्रास व्हायचा, पण माशांची तक्रार नव्हती. मग मुलाच्या हट्टापायी मी तीन मिशीवाले कोरी मासे आणले आणि पैसे देऊन झाल्यावर दुकानदार म्हणाला, "भाऊ, याले खाली वाळू पायजे. खड्यात तोंड खुपसून खुपसून मिशा झिजतेत याच्या."

म्हणजे भाडेकरू घरात असताना फरशी फोडणं आलं. तेही नागपुरात, मे महिन्यात.

वाळू कोपऱ्यावरच्या बांधकामावरून मागून आणली. कन्हान नदीची. चौकीदारानं विचारलं, किती पाहिजे? मी म्हटलं, १५ किलो. त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शिमिट नाही लागत का संग?" ती चाळून धुवायला बसलो. दहाव्या पाण्याला चहाचा रंग, चौदाव्याला लिंबू सरबताचा. सतराव्या पाण्यात माझा तळहात दिसला आणि मी थांबलो.

खरी अडचण पाण्याची. इथे मे महिन्यात दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं येतं की त्यात चहापत्ती टाकून प्यावं. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन. म्हणून आदल्या रात्री दोन बकेटा भरून कूलरसमोर ठेवल्या. क्लोरीन उडून जाईल, पाणीही निवेल. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपलो.

सकाळी दोन्ही बकेटा रिकाम्या.

"कूलर आटला होता," बाबा पेपरातून मान न काढता म्हणाले. "पाणी भरूनच होतं, टाकलं."

आता थांबता येत नव्हतं, मासे काढायला घेतले. आईच्या पितळी गंजाला, म्हणजे पातेल्याला, हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून स्टीलचा मोठा गंज उचलला. तरी आतून आवाज आलाच, "काहून नेऊन राहिला रे तो?" गप्पी आले, मॉली आल्या, कोरी आले. काचेला तोंडानं चिकटणारा सकर मासा येईना. जाळी दिसली की काचेला असा चिकटायचा, जणू घराचा सातबारा त्याच्या नावावर आहे. शेवटी हातानं सोडवला, तर गंजाच्या बुडाला जाऊन चिकटला. आईनं डोकावून पाहिलं आणि जाहीर केलं, की या गंजात आता वरण शिजणार नाही.

टँकमधलं जुनं पाणी नळीनं तोंडानं ओढून टबात काढलं. (एक घोट गेला. चवीबद्दल बोलत नाही.) फिल्टर त्याच टबात चालू ठेवला. बायको खडे धुवायला निघाली होती, तिला अडवलं.

"धुवू नको, त्यावर बॅक्टेरिया आहेत."

"मंग धुवाच लागते नं!"

तिला सांगितलं, की माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. हे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ते खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहतात. दोन्ही एकदम घासले तर नवी वाळू झकास दिसेल आणि आठवड्याभरात मासे उलटे तरंगतील. ती म्हणाली, "चार वर्षं मी ही काच पुसून राहिली, तेव्हा नाही सांगितलं."

वाळू पसरली. तिच्यावर स्टीलची ताटली ठेवून जुनं पाणी हळूहळू ताटलीवर ओतलं. तरी टँकचा मठ्ठा झालाच. उरलेल्या पाण्यासाठी दुकानातून अँटीक्लोरीनची बाटली आणली, बकेट पंख्याखाली ठेवली आणि बाबांसमोर खुर्ची टाकून तिच्यावर पहारा दिला. संध्याकाळी मासे आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नितळ. कोरी वाळूत तोंड घालून कल्ल्यांतून वाळू उडवत होते आणि मिशा शाबूत होत्या.

फक्त बॅक्टेरियांची सोय म्हणून थोडे जुने खडे आत ठेवणं भाग होतं, नव्या वाळूवर ते बसेपर्यंत. घाईत हाताला लागला तो मुलाचा शाळेचा पांढरा मोजा. त्यात निळे खडे भरले, गाठ मारली आणि टँकच्या मधोमध ठेवला.

महिन्याभरात काढायचा होता. पण तिन्ही कोरी रात्री त्यावरच झोपतात, सकर त्याला चिकटून असतो. जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली, तेव्हा मुलगा एका मोज्यावर दारात उभा होता.

"पप्पा, दुसरा?"

सगळ्यांनी टँककडे पाहिलं.