आली नाही म्हणजे दाबली?

‘आमच्या मोर्चाची एक ओळ नाही. मंत्र्यांचं भाषण मात्र सगळ्या पेपरांत शब्दन् शब्द सारखं. मथळेही फिरवलेले. सगळे विकले गेलेत.’ अशा अर्थाचा मजकूर जवळपास प्रत्येक आंदोलनानंतर ग्रुपवर फिरतो. विकले जाण्याचे प्रकार झालेत, त्याकडे येऊच. पण इथे पुरावा म्हणून मांडलेल्या तिन्ही गोष्टींवरून ते सिद्ध होत नाही.

‘एक ओळ नाही.’ आधी पानाचा हिशेब बघा. ८ कॉलम, उंची साधारण ५० सेंटिमीटर, म्हणजे ४०० कॉलम-सेंटिमीटर. संध्याकाळी डमी, म्हणजे पानाचा कच्चा आराखडा, डेस्कवर (बातम्या संपादित करून पानं लावणाऱ्या विभागाकडे) येते तेव्हा जाहिराती आधीच बसलेल्या असतात. अर्धं पान तिथे गेलं की उरले २००. तीनशे शब्दांची बातमी मथळ्यासकट ४० च्या आसपास जागा खाते. अशा चार बातम्या आणि एक फोटो लागला की पान संपलं. उरलेल्या बातम्या संक्षिप्तमध्ये जातात, नाहीतर उद्यावर, आणि उद्यावर गेलेली बातमी बहुतेक वेळा मेलेलीच असते.

शिवाय पाहिली कोणती आवृत्ती? लांबच्या तालुक्यांची पानं रात्री लवकर छपाईला सोडावी लागतात, कारण गाडीला पहाटेपर्यंत तिथे पोचायचं असतं. शहर आवृत्ती मध्यरात्रीपर्यंत, कधी त्यानंतरही उघडी असते. तालुक्याच्या मोर्चाची बातमी त्या जिल्ह्याच्या पानावर लागते. पुण्यात बसून ई-पेपरची पुणे आवृत्ती उघडली तर ती दिसणार कशी? आवृत्ती बदलून बघा, मग स्क्रीनशॉट टाका. बड्या जाहिरातदाराला अडचणीची बातमी ‘जागा नाही’ म्हणून मागे ठेवली जाते, हेही खरं आहे. पण ते एका अंकावरून ओळखता येत नाही. आठवडाभराचे अंक प्रतिस्पर्धी पेपरांशेजारी ठेवावे लागतात.

‘शब्दन् शब्द सारखं.’ कारण बहुतेक वेळा मजकूर एकाच ठिकाणाहून आलेला असतो: जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेस नोट, नाहीतर वृत्तसंस्थेची कॉपी. नोट आयती, पुन्हा टाइप करावी न लागणाऱ्या युनिकोडमध्ये मिळते. उपसंपादक वरचे दोन परिच्छेद ठेवतो, ‘यावेळी मान्यवर उपस्थित होते’पासून खालचं कापतो आणि वर ‘प्रतिनिधी’ लावतो. तो विकला गेलेला नाही, त्याला एका रात्रीत तीन पानं लावायची आहेत. आमच्या मते ही गोष्ट दाबलेल्या बातमीपेक्षा जास्त घातक आहे, कारण नोटेतला कोटींचा आकडा कुणीही न तपासता छापला जातो.

‘मथळे फिरवलेले.’ छापील पेपरात मथळा सहसा बातमीदार देत नाही, डेस्क देतं. बातमीदारालाही तो सकाळीच कळतो. बातमी असते ‘निधीवाटपात गैरव्यवहार झाल्याचा विरोधकांचा आरोप’. जागा एकच कॉलम. मग उरतं: निधीवाटपात ‘गैरव्यवहार’. ‘आरोप’ या शब्दाचं सगळं ओझं त्या दोन अवतरणचिन्हांवर, आणि घाईत वाचणाऱ्याला ती दिसतही नाहीत. चूक आहेच, पण ती मापाच्या तंगीतून होते. वेबसाइटवर कॉलमचं बंधन नसताना ‘‘या’ तारखेला जमा होणार पैसे’ असं लिहिलं जातं, ते मात्र जाणूनबुजून. तिथे तुमचा राग रास्त आहे.

आता ‘विकले गेलेत’. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या प्रतिस्पर्धी दैनिकांत एका बड्या नेत्याचं गुणगान करणारा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, प्रेस कौन्सिलने (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेने) नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला. तो पूर्ण स्वरूपात लोकांसमोर यायला २०११ उजाडलं. म्हणजे सारखेपणा कधी कधी पुरावा असतोही. फरक ओळखायचा तो असा: प्रेस नोटेला कालचा कार्यक्रम, बैठक किंवा निर्णय असं निमित्त असतं. विकत घेतलेल्या मजकुराला निमित्त नसतं, त्यात विरोधी उमेदवाराचं नाव नसतं, आणि तोच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावांनी येतो.

तसं सापडलं तर ग्रुपवर टाकून थांबू नका. अंकाच्या तळाशी बारीक टायपात संपादकाचं नाव असतं. वृत्तपत्रांच्या नोंदणीच्या पूर्वीच्या पीआरबी कायद्यात संपादकाची व्याख्याच ‘मजकुराची निवड ज्याच्या हाती तो’ अशी होती. आधी त्यांना लेखी कळवा आणि पोच ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर मूळ कात्रण जोडून प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा. दैनिकाच्या बाबतीत मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची आहे.