दीड टक्का, पण कशाचा? ‘करदाता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा चहा घेऊन. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या छोट्या गावात ‘कम्युनिटी प्रिझर्वेशन अॅक्ट’ (मोकळ्या जागा, ऐतिहासिक ठेवा आणि परवडणारी घरं यांसाठी गावाला वेगळा पैसा उभारू देणारा कायदा; पुढे नुसतं सीपीए म्हणते) लागू व्हावा, मालमत्ता करावर दीड टक्का अधिभार बसावा, म्हणून मी दारोदार फिरतेय. त्यावरच्या मागच्या लेखाखाली तुम्ही चार आक्षेप घेतलेत. एक, आठ लाख डॉलरच्या घराला दीड टक्का म्हणजे वर्षाला बारा हजार डॉलर, म्हातारी माणसं घरं विकून निघून जातील. दोन, गोऱ्यांची चर्चं आणि थडगी आपल्या पैशानं का दुरुस्त करायची? तीन, एच-वन-बीवाल्यानं कर भरायचा आणि मत मात्र द्यायचं नाही. चार, एकदा लागलेला कर कधी सुटत नाही, आपल्याकडची बिलं आठवा. शेवटी “समितीत नाव लागावं म्हणून सगळा आटापिटा” असा एक टोलाही आहे. तो राहू दे. समिती अजून जन्मालाच आलेली नाही.

बारा हजारांचा आकडा चूक आहे, पण ती चूक तुमची नाही, माझी आहे. आमच्या पहिल्या पत्रकावर मीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, “फक्त दीड टक्का!” कशाचा, ते खाली बारीक टाइपात. व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी एका आजींनी दार उघडलं, पत्रक हातात घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “माझं घर सहा लाखांचं आहे. नऊ हजार कुठून आणू?” मी समजावायला लागले, तोवर दार लागलं होतं. त्या रात्री मी उरलेली पत्रकं रद्दीत टाकली.

तर हिशेब असा. अधिभार घराच्या किमतीवर नाही, घराच्या करावर आहे. शिवाय घराच्या मूल्यांकनातले पहिले एक लाख डॉलर वगळायची मुभा कायद्यात आहे आणि आमच्या प्रस्तावात ती घेतलेली आहे. तुमचंच आठ लाखांचं घर धरू. एक लाख वगळले, राहिले ७,००,०००. कराचा दर हजारी १२ डॉलर धरला तर ८,४०० डॉलर. त्याचा दीड टक्का म्हणजे १२६. वर्षाला. बारा हजार नव्हे, एकशे सव्वीस. महिन्याला साडेदहा डॉलर.

आणि म्हातारी माणसं म्हणाल, तर त्यांच्यासाठीही कायद्यात वेगळी सूट आहे. गावानं ती मतपत्रिकेवरच्या प्रस्तावात लिहून घ्यायची असते. परिसरातल्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर कमावतात, निम्मी खाली, त्या आकड्याच्या) ८० टक्क्यांखाली कमाई असलेल्या कुणालाही अधिभार माफ. साठी ओलांडलेल्यांना तर मध्यक उत्पन्नाच्या १०० टक्क्यांपर्यंत माफ. मेख एवढीच की दर वर्षी असेसरच्या, म्हणजे करासाठी घरांचं मूल्य ठरवणाऱ्याच्या, कचेरीत अर्ज भरावा लागतो, आणि ज्याला गरज आहे तोच नेमका भरत नाही. म्हणून आता आम्ही पत्रक देत नाही. “तुमचं कराचं बिल आहे का हाताशी?” असं विचारतो. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्यांच्याच बिलाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं आकडा काढतो. कधी तो ९० येतो, कधी २१०. दोनशे दहा बघून “नको” म्हणणारेही भेटतात, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना निदान खरा आकडा कळलेला असतो. त्या आजींकडे मी पुन्हा गेले. अर्जाचा नमुना घेऊन गेले होते. मत देतील की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

तुमचा चौथा आक्षेप आधी घेते, कारण तो मला जवळचा आहे. आपल्याकडच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर असतो, वृक्षकर असतो, दुकानाचं बिल असेल तर रोजगार हमी करही असतो. वृक्षकर भरताना आपण कधी विचारलंय का, की माझ्या पैशाचं झाड कुठलं? विचारायचं कुणाला, हेच ठाऊक नसतं. सीपीएचं तसं नाही, असं मी नुसतं छातीठोक म्हणून उपयोग नाही, म्हणून यंत्रणा सांगते. पैसा वेगळ्या खात्यात जातो. पाच ते नऊ जणांची समिती असते. त्यांतली पाच माणसं गावाच्याच ठरलेल्या मंडळांतून येतात: पर्यावरण संवर्धन, इतिहास, नियोजन, उद्यानं आणि गृहनिर्माण. समिती फक्त शिफारस करते. खर्चाला मंजुरी टाऊन मीटिंगची, म्हणजे आपल्या ग्रामसभेचीच म्हणा ना, फरक इतकाच की इथे लोक खुर्चीवर विणकाम करत रात्री अकरापर्यंत बसतात आणि मग ताठ उभे राहून विरोध करतात. टाऊन मीटिंग रक्कम कमी करू शकते, नाकारू शकते, वाढवू शकत नाही. दर वर्षीच्या रकमेतले किमान १० टक्के मोकळ्या जागा आणि मैदानांसाठी, १० टक्के ऐतिहासिक ठेव्यासाठी, १० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी, हे सक्तीचं. बाकीचं गाव ठरवतं. गवत कापायला, रोजच्या देखभालीला, शाळेच्या बॉयलरला यातला पैसा चालत नाही. आणि पाच वर्षांनी गावाला हा कायदा पुन्हा मतदानानं काढून टाकता येतो.

“मग हेच गावाच्या अंदाजपत्रकातून का नाही करत?” हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दारावर हमखास विचारतात. १९८० साली या राज्यातल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन अडीच’ मंजूर केलं. तेव्हापासून गावाची करवसुली, नवी बांधकामं सोडली तर, वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. वाढवायची तर वेगळं मतदान. आरोग्य विम्याचे हप्ते अडीच टक्क्यांत राहत नाहीत, शिक्षकांचे पगारही नाहीत. मग दर वसंतात शाळा विरुद्ध बाकी सगळं अशी कुस्ती लागते आणि शाळा जिंकते. जिंकायलाच हवी. पण बाकी सगळं दर वर्षी हरतं. सीपीएचा पैसा या अडीच टक्क्यांच्या बाहेर असतो.

यात मी का पडले, ते इथेच सांगते. गावाच्या उत्तर टोकाला सफरचंदाची बाग होती. गणपती झाले की आमच्या मराठी मंडळातली आठ-दहा कुटुंबं तिकडे जायची. पोरं अर्धी सफरचंदं झाडावरच चावून ठेवायची. अशा शेतजमिनींना इथे ६१-अ नावाच्या कलमाखाली करात मोठी सवलत मिळते. बदल्यात, मालकानं जमीन बांधकामासाठी विकायला काढली की तोच भाव देऊन ती घ्यायचा पहिला हक्क गावाचा. मुदत १२० दिवस. बाग विकायला निघाली तेव्हा आम्ही शंभरेक जण जमलो, सह्या केल्या, भाषणं झाली. हक्क होता, पैसे नव्हते. चार महिन्यांत पैसा उभा करायचा, त्यासाठी खास टाऊन मीटिंग बोलवायची, कर्जाला मंजुरी घ्यायची… एकशे एकविसावा दिवस उजाडला. आता तिथे तीन-तीन गॅरेजची घरं आहेत. त्या रस्त्याला नाव मात्र ‘ऑर्चर्ड’चं दिलंय, एवढी लाज शिल्लक आहे. ज्या गावाकडे सीपीएची गंगाजळी असते, त्याला त्या १२० दिवसांत निदान “थांबा, बोलू” म्हणता येतं. त्या उत्पन्नावर कर्जही उभारता येतं. नेमकं तेच आमच्याकडे नव्हतं.

चर्चचं म्हणाल, तर हा प्रश्न तुमच्याआधी याच राज्यातल्या ॲक्टन गावच्या करदात्यांनीच कोर्टात नेला. तिथल्या एका चालू चर्चला सीपीएचा पैसा मंजूर झाला होता. २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं धार्मिक चित्रं असलेल्या रंगीत काचांच्या खिडक्यांवर तो खर्च करायला मनाई केली आणि अशा प्रत्येक अनुदानाची काळजीपूर्वक छाननी हवी असं बजावलं. म्हणजे तुमचं म्हणणं न्यायालयानं बऱ्याच अंशी मान्य केलंय. थडग्यांवर मात्र माझं-तुमचं जमणार नाही. १७०० च्या काळातल्या त्या स्लेटच्या पातळ शिळा हिवाळ्यात पापुद्रे सुटून फुटतात, त्यांवरची नावं जातात. आपल्याकडच्या गावातली वीरगळ कुणी उकिरड्यात टाकली तर आपण फेसबुकवर किती हळहळतो! इथे घर घेतलं, पोरं इथल्या शाळेत घातली, आणि शिळा तेवढ्या ‘त्यांच्या’?

मताच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. त्यावर माझ्याकडे शहाणं उत्तर नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं उभी असलेली, घराचा कर नेमानं भरणारी माणसं आमच्या मंडळात निम्मी आहेत. त्यांच्या दारावर मी जाते तेव्हा मत मागायला नाही, त्यांना कुठलं मैदान, कुठली पायवाट हवी ते लिहून घ्यायला जाते. ही भरपाई नव्हे, हेही मला कळतं.

पण तुमच्या हातून खरा जोरकस आक्षेप सुटला, तो मीच देते. सीपीए घेतलेल्या गावाला राज्याच्या निधीतूनही भर मिळते. सुरुवातीला, २००७ पर्यंत, एका डॉलरला एक डॉलर मिळायचा. पुढे सीपीए घेणारी गावं वाढली आणि काही वर्षी भर २० टक्क्यांच्याही खाली गेली. हा निधी येतो रजिस्ट्री ऑफ डीड्सच्या शुल्कातून. घराची बहुतेक कागदपत्रं नोंदवताना आधी २० डॉलर जायचे, २०१९ च्या ३१ डिसेंबरपासून ५० जातात. हे शुल्क राज्यातल्या ३५१ गावा-शहरांतला प्रत्येक जण भरतो. भर मात्र फक्त सीपीए घेतलेल्यांना. कायदा २००० चा. केंब्रिजनं २००१ मध्ये घेतला. बॉस्टननं त्याच वर्षी नाकारला. मग १ टक्का अधिभार ठेवून घेतला २०१६ मध्ये, ७४ टक्के मतांनी. स्प्रिंगफील्डही २०१६, वूस्टर तर २०२२. म्हणजे वूस्टरच्या कामगारानं घर घेताना भरलेलं हे शुल्क वीस वर्षं हिरव्यागार उपनगरांची कुरणं वाचवायला गेलं. तरी त्यांतली काही उपनगरं परवडणाऱ्या घरांसाठी कसेबसे सक्तीचे १० टक्के काढतात. केंब्रिज ८० टक्के काढतं. हा अन्याय आहे. आमच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा “मोहिमेत हे नको काढूस” असा सल्ला मिळाला. म्हणून इथे काढते. आमच्याकडे प्रस्ताव पास झाला, तर घरांचा वाटा किमान ३० टक्के असावा म्हणून मी टाऊन मीटिंगमध्ये उभी राहणार आहे, आणि बहुधा हरणार आहे.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की बावीस वर्षं लेक्सिंग्टनला राहता आणि “असला कर आमच्या गावानं कधी खपवून घेतला नसता.” लेक्सिंग्टननं सीपीए २००६ साली घेतलाय. पूर्ण ३ टक्के, आमच्या दुप्पट. लोवेल स्ट्रीटवरचं बूसा फार्म त्याच पैशातून वाचलं, केरी हॉल त्याच पैशातून दुरुस्त झाला. तुमच्या कराच्या बिलावर त्याची वेगळी ओळ असते. २००६ ला तुम्हाला मत होतं की तुम्हीही तेव्हा रांगेतच होतात, मला माहीत नाही. बिल काढून बघा, आणि आकडा किती निघाला ते इथे खाली लिहा. शनिवारी सकाळी ट्रान्स्फर स्टेशनवर कचरा टाकायला येणाऱ्यांना मला शेजारच्या गावातला एक खरा आकडा सांगायचा आहे.