कच सगळ्यांचा, अलका खांडेकरांची

उन्हाळ्यात घरी गेले होते, तेव्हा एका रात्री जेवणं झाल्यावर भाच्याने विषय काढला. "आत्या, खांडेकरांची 'ययाति' म्हणजे फॅन फिक्शनच की गं." बाबा उसळले. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाबद्दल असं बोलायचं? बाबांच्या लेखी फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्याची पात्रं उचलून केलेला पोरखेळ. भाच्याच्या लेखी, एखाद्या कथेवर जीव जडला म्हणून तिच्या पुढे लिहिलेलं काहीही. मी मध्ये पडले नाही. परत अमेरिकेत आल्यावर मात्र तो वाद डोक्यातून जाईना.

भाच्याचं म्हणणं चुकीचं नाही. महाभारतात कच संजीवनी विद्या मिळवतो, देवयानीचा शाप घेऊन देवलोकी परततो आणि तिथे त्याचं काम संपतं. खांडेकर 1959 च्या आपल्या कादंबरीत त्याला परत आणतात आणि भोगात बुडालेल्या ययातीसमोर उभा करतात. आवडलेलं पात्र वाटेत सुटलं म्हणून हात धरून त्याला पुढे न्यायचं, हेच तर फॅन फिक्शन लिहिणारी मुलं करतात. आणि तरीही 'ययाति' ही खांडेकरांची स्वतःची निर्मिती आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते मला इथल्या ग्रंथालयात उमगलं. तिथे दर महिन्याला लिहिणारी आठ-दहा माणसं जमतात. एकीने आपल्या कादंबरीचं प्रकरण वाचलं. दारात एक माणूस येऊन उभा राहतो, ओला कोट काढत नाही, काही बोलत नाही, आणि नायिका ढसाढसा रडू लागते. ऐकताना टेबलाभोवतीच्या दोघींचे डोळे भरून आले. मी कोरडी. मग कळलं की हे आधी एका गाजलेल्या मालिकेवरचं फॅन फिक्शन होतं. आता फक्त नावं बदलली होती. त्या दोघी तो माणूस कोण ते ओळखून होत्या. मला तो दारातला अनोळखी माणूसच दिसला, कारण त्याच्यावर माया जडावी असं त्या पानांत काही नव्हतं. ती माया मालिकेने आधीच कमावून ठेवली होती.

म्हणून नावं बदलली की कलाकृती स्वतंत्र झाली, ही कसोटी मला पटत नाही. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' ही इंग्रजी कादंबरी आधी 'ट्वायलाइट' या कादंबरीमालेवरचं फॅन फिक्शन होती. 2011 साली नवी नावं लावून ते पुस्तक झालं आणि तुफान खपलं. उलट जीन ऱ्हीस यांनी 1966 च्या 'वाइड सार्गासो सी'मध्ये शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' या कादंबरीतल्या, माळ्यावर कोंडलेल्या नायकाच्या वेड्या बायकोला तिचं जमैकातलं बालपण दिलं, तिचा आवाज दिला. उसनं घेतलेलं उघड दिसतं. पण ते पुस्तक वाचून 'जेन एअर'कडे परत गेलं की माळ्यावरचं ते हसू पूर्वीसारखं ऐकू येत नाही. मूळ कथेलाच हलवण्याची ही ताकद जिथे आहे, तिथे मी स्वतंत्र कलाकृती म्हणते, मग पात्रं कोणाची का असेनात.

इथे हा प्रश्न फार लवकर कोर्टात जातो. 'गॉन विथ द विंड' या गाजलेल्या अमेरिकन कादंबरीची गोष्ट एका गुलाम मुलीच्या तोंडून सांगणाऱ्या कादंबरीवर 2001 साली बंदी आली, अपिलात ती उठली. आपल्याकडे महाभारताला मालक नाही, त्यामुळे परवानगी कोणाकडे मागायची हा प्रश्नच कधी पडला नाही. ही केवढी मोठी मोकळीक आहे, हे मला बाहेर राहिल्यावर जाणवलं. पण त्यामुळे एक सवयही लागली. जिवंत किंवा नुकत्याच गेलेल्या लेखकाचं उचलतानाही आपण तितकेच मोकळे असतो, आणि 'आधारित' हा एक शब्द छापायलाही काचकूच करतो. इथली फॅन फिक्शन लिहिणारी पोरं कथेच्या डोक्यावरच मूळ कलाकृतीचं नाव लिहितात. याबाबतीत ती आपल्या कित्येक छापील लेखकांपेक्षा प्रामाणिक आहेत.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो 'ययाति'मधल्या अलकेवर दीर्घकथा लिहितोय. मी त्याला म्हटलं, कच सगळ्यांचा आहे, पण अलका महाभारतात कुठेच नाही. ती खांडेकरांनी घडवली. ते 1976 मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2036 संपेपर्यंत छापायचं तर त्यांच्या वारसांची परवानगी हवी.

"मग नाव बदलू का, आत्या?"

"नको रे. अलकाच राहू दे, आणि वर खांडेकरांचं नाव घाल. पूर्ण झाली की आधी आजोबांना वाचायला दे."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, अर्धी त्यांनी वाचलीये. अलका असं बोलणार नाही म्हणून दोन पानं खोडून परत दिलीत.